महाले गुरुजींचा प्रस्ताव

जव्हारला तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक अरुंद खोली, दोन मराठी टाइपरायटर, एक इंग्रजी, भिंतीला टेकवलेलं बाकडं आणि दारात चपलांचा ढीग. दाखल्यांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, बदलीच्या विनंत्या, विहिरीचे प्रस्ताव, रस्त्याचे प्रस्ताव, शाळेच्या फुटक्या कौलांचे प्रस्ताव. अख्ख्या तालुक्याचं मागणं माझ्या बोटांखालून जायचं. माणसं यायची, मजकूर सांगायची आणि कागद घेऊन समोरच्या कचेरीत शिरायची. त्यातले बहुतेक चेहरे आता पुसट झालेत. एक चेहरा मात्र जसाच्या तसा आहे आणि तो आठवला की मी अजूनही एकटीच हसते. तो नवसू महाले गुरुजींचा.

गुरुजी दाभोशाच्या बाजूला, नदीपलीकडच्या एका पाड्यावरच्या शाळेत शिकवायचे. वर्ग पहिली ते चौथी, खोली एक आणि गुरुजीही एक. पहिलीला अक्षर गिरवायला लावायचं, तेवढ्यात तिसरीकडून पाढा म्हणवून घ्यायचा, चौथीचं गणित तपासता तपासता दुसरीतल्या दोघांचं भांडण सोडवायचं, हे वर्षानुवर्षं केल्यामुळे एका वेळी एकाच माणसाशी बोलणं त्यांना जमेनासं झालं होतं. दुकानात आले की माझ्याकडे बघून म्हणायचे, "ताई, महोदयपासून घ्या." लगेच बाकड्यावरच्या म्हातारीकडे वळून, "आजी, डाव्या हाताचा अंगठा लावायचा, उजव्याचा नाय." मग रस्त्यावरच्या जीपवाल्याला ओरडून, "अरे थांब, आलोच मी!" आणि पुन्हा माझ्याकडे, "हां, महोदय. पुढं?" पुढं काय, ते मीच त्यांना विचारायचं असे.

पन्नाशीच्या आसपासचं वय, खडूचा वास मारणारा पांढरा सदरा, आणि आत्ता धावत सुटतील की काय अशी चाल. मोठ्या साहेबासमोरही त्यांचा आवाज खाली यायचा नाही. शिव्या त्यांना येत नव्हत्या. फार चिडले की "छडी लागे!" एवढंच म्हणायचे. छडी मात्र त्यांच्या शाळेत नव्हती.

पहिल्यांदा ते आले तो बाजाराचा दिवस होता. बाकडं भरलेलं, दारात रांग, आणि कुठल्याशा कचेरीतला एक शिपाई आणि खोडाळ्याचा एक शेतकरी यांच्यात नंबरावरून जुंपलेली. शिपाई म्हणत होता साहेबांचं काम आहे, शेतकरी म्हणत होता मी सकाळपासून बसलोय. आवाज चढले. मी मशीन थांबवलं. इतक्यात दारातून हा पांढऱ्या सदऱ्यातला माणूस आत घुसला आणि दोघांच्या मधे उभा राहिला.

"भांडण नंतर करा. आधी घुबड खेळू."

"काय?" शिपाई म्हणाला.

"घुबड. दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं. बोलायचं नाय, हसायचं नाय. जो आधी हसला त्याचा नंबर मागं. सोपं आहे. बसा."

आणि आश्चर्य म्हणजे दोघं बसले. शेतकऱ्याचा चेहरा कातळासारखा होता. शिपायाने डोळे वटारले, गाल आत ओढले, भुवया वर नेल्या, आणि मग बाकड्यावरची एक बाई आधी फिसकन हसली, तिचं बघून शिपाई फुटला. सगळं दुकान हसायला लागलं. शेतकरी तेवढाच गंभीर चेहरा ठेवून उठला आणि माझ्यासमोर कागद ठेवत म्हणाला, "घ्या बाई, वारस नोंदीचा अर्ज."

शेवटी गुरुजींचा नंबर आला. मी विचारलं, "काय टाइप करायचंय?"

"प्रस्ताव."

"कशाचा? विहीर की खोली?"

"पुस्तकाचा," गुरुजी म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. लहानपणी ते गुराखी होते. गुरं चरत असली की रानात पोरं काय काय खेळतात ते सगळं त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. काठ्यांचे खेळ, दगडांचे, पानांचे, चिखलाचे, नुसत्या आवाजांचे. मास्तर झाल्यावर मधल्या सुट्टीत पोरं तेच खेळताना त्यांनी बघितली आणि त्यांच्या लक्षात आलं की दर काही वर्षांनी एखादा खेळ गळतो. दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर जातात, बरोबर पोरं जातात, परत येतात ती दुसरंच काहीतरी शिकून. म्हणून गुरुजी जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर खेळ लिहून ठेवायला लागले. एका शिबिरात पुस्तकं लिहिणारे कुणी पाहुणे आले होते. त्यांनी सांगितलं की हा सगळा गठ्ठा कुणी वाचणार नाही. आधी प्रकाशकाला प्रस्ताव पाठवा. पुस्तक कशाचं, ते कोण वाचणार, तुम्ही कोण, आणि नमुन्याचं एक प्रकरण.

"तर घ्या," असं म्हणून गुरुजी सांगू लागले. मी टाइप केलेलं मला अजून पाठ आहे.

"प्रति, माननीय प्रकाशक साहेब. विषय, खेळांचे पुस्तक मंजूर होणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, या भागातील मुले पूर्वापार खेळत असून सदर खेळांचे पुस्तक अस्तित्वात नसल्याने मुलांची गैरसोय होत आहे. तरी सदर पुस्तक चालू आर्थिक वर्षात मंजूर होऊन मिळणेस विनंती आहे."

माझे हात थांबले. "गुरुजी, हे विहिरीचं झालं."

"प्रस्ताव असाच असतो ना?"

"सरकारला असतो. प्रकाशकाला असा चालेल का?"

"प्रकाशक मंजूर करतोच ना? मग सरकारच की ते."

त्यांनी ऐकलं नाही. वर ते सरकारी नोकर. सगळं योग्य मार्गाने गेलं पाहिजे म्हणून तो कागद त्यांनी केंद्रप्रमुखांकडे दिला, तिथून तो पंचायत समितीत गेला, तिथून आणखी कुठे कुठे. पावसाळा आला, गेला. भात कापून झालं. मग एक दिवस गुरुजी दुकानात आले, कागद माझ्यासमोर ठेवला आणि पोट धरून हसत बाकड्यावर बसले. कागदाच्या कोपऱ्यात लाल शाईत शेरा होता, 'अंदाजपत्रक व जागेचा सातबारा जोडावा.'

कुणीतरी 'खेळ' एवढाच शब्द वाचून त्याला मैदानाचा प्रस्ताव समजलं होतं.

मला राग आला. गुरुजींना आला नाही. "ताई, बघा ना. पोरांना खेळायला जागा लागते हे कचेरीला पटलं. अर्धं काम झालं." मग ते स्वतः जाऊन पंचायत समितीतल्या साहेबांना भेटले. साहेब भला माणूस होता, तो हसला, पुस्तक लिहायची परवानगी दिली आणि म्हणाला, "गुरुजी, प्रकाशकाला थेट लिहा. माझ्यामार्फत नको."

त्यानंतर आम्ही प्रस्ताव नव्याने लिहायला बसलो. आम्ही म्हणजे ते सांगणार, मी टाइप करणार, एवढंच. पण गुरुजींना बसून सांगता यायचं नाही. खेळ सांगायचा म्हणजे तो खेळून दाखवायचा. नमुन्याचं प्रकरण होतं 'लंगडा बगळा', आणि ते सांगताना गुरुजी माझ्या दुकानात एका पायावर उड्या मारत होते. शेजारचा शिंपी कात्री हातात घेऊन बघायला आला. मी विचारायची, "गुरुजी, पकडल्यावर काय होतं?" ते म्हणायचे, "खेळून बघा, मग बोला." हे त्यांचं सगळ्या प्रश्नांवरचं उत्तर होतं. कुणी म्हटलं हा खेळ अवघड वाटतो, कुणी म्हटलं यात काय मजा, की झालंच, "खेळून बघा, मग बोला."

लेखकाचा परिचय लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी सर्व्हिस बुकच पाठ म्हटलं. जन्मतारीख, सेवेत रुजू, पहिली बदली, दुसरी बदली, वेतनश्रेणी. मी म्हटलं, "गुरुजी, प्रकाशकाला तुमची वेतनश्रेणी काय करायची? हे पुस्तक तुम्हीच का लिहायचं, ते सांगा." बाहेरून जीपवाल्याने हाक मारली. गुरुजी त्याच्याकडे वळलेसुद्धा नाहीत. मग हळूच म्हणाले, "घ्या. लेखक लहानपणी गुराखी होता. या पुस्तकातले सगळे खेळ तो खेळला आहे आणि बहुतेकांत हरला आहे."

मी ते तसंच टाइप केलं. माझ्या हातून गेलेल्या सगळ्या कागदांत मला ते वाक्य सर्वांत आवडतं.

तो प्रस्ताव पुण्याच्या एका प्रकाशकाकडे गेला. उत्तर लवकर आलं आणि चांगलं आलं. त्यांनी लिहिलं होतं की कल्पना उत्तम आहे, परंतु पालक पुस्तक विकत घेताना उपयोग बघतात, तेव्हा प्रत्येक खेळाखाली वयोगट, साहित्य, कृती आणि फायदे असे चार मथळे करून काही खेळ पाठवावेत. गुरुजी खूश. लगेच बसले, म्हणजे उभे राहिले, आणि सांगायला लागले. वयोगट म्हणजे 'चालता येणाऱ्यापासून म्हातारं होईपर्यंत'. साहित्य म्हणजे 'लागत नाही'. कृती सांगताना त्यांनी कोपऱ्यातली माझी पाण्याची घागर लवंडली. मग आले फायदे.

"लंगडा बगळा. फायदे?" मी विचारलं.

"फायदे..." त्यांनी डोकं खाजवलं. "घ्या, गुरं लांब जात नाहीत."

"गुरुजी!"

"खरंय ताई. टेकाडावर उभं राहून खेळतात, तिथून गुरं दिसतात."

"बरं. घुबडाचे फायदे?"

"भांडण मिटतं. तुम्ही बघितलंय."

"आणि चिखलातला हा, बेडकांची जत्रा?"

गुरुजींनी फार विचार केला. "दिवस बरा जातो," ते म्हणाले.

असे सगळे फायदे लिहून आम्ही पाठवले. प्रकाशकाचं पत्र आलं की फायदे शैक्षणिक स्वरूपाचे हवेत, उदाहरणार्थ एकाग्रता वाढते, नेतृत्वगुण विकसित होतात. गुरुजींनी ते पत्र दोनदा वाचलं. "ताई, पोराला सांगितलं की ये, तुझी एकाग्रता वाढवू, तर येईल का ते?" पण त्यांनी प्रयत्न केला. खरोखर केला. एक आख्खी दुपार ते प्रत्येक खेळात नेतृत्वगुण शोधत बसले आणि शेवटी हात जोडून म्हणाले, "नाय सापडत." पुण्याचं दार तिथे बंद झालं.

या सगळ्यात मला एक गोष्ट कळत नव्हती. या माणसाला पुस्तकाचा एवढा ध्यास का? लेखक म्हणून मिरवायचं म्हणावं, तर शाळेत झेंडावंदनाला भाषण करायलाही ते दुसऱ्याला पुढे करायचे. त्याचं उत्तर मला मिळालं ते मुंबईचे पाहुणे आले तेव्हा.

तो काळ असा होता की जव्हार-मोखाड्याचं नाव पेपरात आलं की ते कुपोषणाच्या बातमीतच यायचं. गाड्या यायच्या, फोटो निघायचे. आमच्या नातेवाइकांना लग्नात कुणी विचारलं कुठले, आणि जव्हार म्हटलं, की समोरचा चेहरा पाडायचा. मुंबईच्या एका प्रकाशनसंस्थेचे संपादक शिरपामाळ आणि धबधबे बघायला सहकुटुंब आले होते. गुरुजींचा प्रस्ताव त्यांच्याकडेही गेलेला होता. ते मुद्दाम माझ्या दुकानात आले, गुरुजींना निरोप धाडून बोलावून घेतलं. मृदू बोलणारे, मनापासून ऐकणारे गृहस्थ. त्यांनी सगळा गठ्ठा चाळला आणि म्हणाले, "गुरुजी, हे पुस्तक मी काढतो. मोठं काढतो. फक्त याचा धागा बदलू. हे उपाशी मुलांचे खेळ आहेत. एकेका मुलाची गोष्ट सांगा, घरातली परिस्थिती सांगा, मधे मधे खेळ येऊ द्या. लोक हेलावून जातील. दोन प्रकरणं नव्याने लिहून प्रस्ताव पाठवा, मी लगेच मंजूर करून घेतो."

मंजूर! हा शब्द ऐकायला गुरुजी किती दिवस थांबले होते. त्यांनी संपादकांचे हात हातात घेतले, गाडीपर्यंत पोचवलं आणि निघताना त्यांच्या मुलांना डांबरी रस्त्यावर खडूने एक आखणी करून खेळही शिकवला.

दुसऱ्या दिवशी ते मजकूर सांगायला आले. मी कागद चढवला. गुरुजी त्या दिवशी खुर्चीवर बसले.

"घ्या. सुंदर ही चौथीतली मुलगी. तिच्या घरी..."

सुंदर मला माहीत होती. दोन पावसाळ्यांपूर्वी ती फार आजारी पडली होती. गुरुजीच तिला पाठुंगळी घेऊन जव्हारच्या दवाखान्यात आले होते. ती वाचली, चौथी पास झाली आणि आता मोखाड्याकडच्या आश्रमशाळेत शिकत होती.

"तिच्या घरी..." गुरुजी पुन्हा म्हणाले आणि थांबले. बाहेर जीप भरत होती, कंडक्टर पोरगा नाशिक नाशिक ओरडत होता.

"ताई, ही सुंदर लंगड्या बगळ्यात कुणाला ऐकायची नाय. मोठ्या पोरांना पकडायची. मला पकडलंय तिनं." ते हसले आणि लगेच हसणं गेलं. "उद्या हे पुस्तक तिच्या शाळेत गेलं तर? पोरं मोठ्यानं वाचतील, सुंदर ही उपाशी मुलगी. तिनं काय करायचं? खाली मान घालायची?"

मी मशीनवरून हात काढून घेतले.

"मुंबईचे साहेब खोटं नाय बोलले. पोरं उपाशी येतात, मला माहीत आहे. ते लिहायलाच हवं. त्यांनी लिहावं, मी घरं दाखवतो, सगळी माणसं भेटवतो. पण हे पुस्तक मधल्या सुट्टीचं आहे, ताई. तेवढा वेळ ती पोरं उपाशी नसतात, आदिवासी नसतात, काही नसतात. कुणी बगळा असतं, कुणी कोल्हा असतं. तेवढंच मला लिहायचंय. काढा तो कागद."

मी कागद काढला. त्यांनी मुंबईला पत्र लिहवलं, अगदी नम्र. येत्या सुट्टीत पुन्हा या, सगळा भाग फिरवून दाखवतो, परंतु या पुस्तकासाठी क्षमा असावी. पत्र पेटीत टाकून आले आणि म्हणाले, "आता काय?" त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदाच थकवा ऐकला. त्यानंतर आठवडाभर ते दुकानाकडे फिरकले नाहीत.

मग मीच एका रविवारी दाभोशाच्या जीपमधून त्यांच्या घरी गेले. नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण समोर आलं. वाढताना गुरुजींच्या पत्नी, मथुराबाई, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, ते पुस्तक माझ्यापुढं वाचून दाखवा बरं जरा. मला शाळा नाय, पण ऐकू तर येतंय." मी जवळची प्रत काढून वाचायला लागले. दुसराच खेळ कोल्हा-कोंबड्यांचा आला आणि त्यांनी हात वर केला.

"चूक. कोल्ह्यानं आधी मागं नाय बघायचं. आणि अंडं डावीकडंच द्यायचं, कुठंही नाय. हे यांना कोणी सांगितलं?"

"तुझ्या भावानं," गुरुजी म्हणाले.

"माझा भाऊ आमच्यात कधी खेळला? पोरींचा खेळ हा. त्याला झाडावर बसवायचो आम्ही." मग त्या माझ्याकडे वळल्या. "बाई, यात निम्मे खेळ पोरींचे आहेत. आणि एवढ्या वर्षांत यांनी मला एक शब्द विचारला नाय!"

गुरुजींचा चेहरा चौथीतल्या नापास पोरासारखा झाला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मथुराबाईंनी अर्ध्या पुस्तकाची उलटतपासणी केली. गुरुजी विचारायचे, त्या खेळून दाखवायच्या, मी लिहून घ्यायची. निघताना गुरुजी पुन्हा त्यांच्या त्या धावायला निघाल्यासारख्या चालीने मला जीपपर्यंत सोडायला आले. "ताई, बरं झालं कुणी मंजूर नाय केलं ते. चुकीचंच छापलं असतं की!"

नवीन प्रस्तावावर लेखक म्हणून दोन नावं आली. नवसू महाले आणि मथुरा महाले. परिचयात एक वाक्य वाढलं, 'लेखिका बहुतेक खेळांत जिंकली आहे.'

नाशिकला एक लहान प्रकाशक होता. मुलांची पुस्तकं काढायचा. त्याने प्रस्ताव वाचून भेटायला बोलावलं. मला तेव्हा कॉम्प्युटर बघायला नाशिकला जायचंच होतं, म्हणून मीही निघाले. एसटीने आम्ही तिघं मोखाडा, त्र्यंबक करत पोचलो. मथुराबाईंनी पिशवीत चार जून काकड्या घेतल्या होत्या. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून.

प्रकाशकांचं ऑफिस जिन्याखालच्या गोदामासारखं होतं. पुस्तकांचे गठ्ठे, एक पंखा, कोपऱ्यात मुद्रितं तपासणाऱ्या एक बाई, जाड चष्मा लावलेल्या आणि कायम कपाळाला आठी. प्रकाशक वयस्क, घाईतले. काकड्यांकडे बघून जरा गोंधळले. म्हणाले, "प्रस्ताव वेगळा आहे. पण मला एक सांगा, खेळ वाचून कोण खेळतं? एका वाक्यात सांगा, हे पुस्तक मी का काढू?"

मला वाटलं, आता गुरुजी एकदम चौघांशी बोलायला लागणार. तसं काही झालं नाही. ते म्हणाले, "वाक्यात नाय येत, साहेब. खेळून बघा, मग बोला."

"इथे?"

"साहित्य लागत नाही," गुरुजी म्हणाले.

आणि मग जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगते. मथुराबाईंनी सगळ्यांना रांगेत खाली बसवलं. गठ्ठे बांधणारा माणूस, हिशेब लिहिणारा पोक्त कारकून, मी, गुरुजी, आणि त्या आठीवाल्या बाईसुद्धा. सगळ्यांचे हात पाठीमागे. आम्ही कोंबड्या. टेबलावरचा एक खोडरबर हे अंडं. प्रकाशक हे कोल्हा. पाठीमागून अंडं डावीकडे डावीकडे सरकतं, सगळ्या कोंबड्या कॉक कॉक करतात आणि कोल्ह्याने ओळखायचं अंडं कुणाकडे आहे.

पहिल्या खेपेला प्रकाशकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. माझे हात रिकामे. दुसऱ्या खेपेला कारकुनाकडे. रिकामे. तिसऱ्या खेपेला ते गुडघ्यांवर आले, एकेकाच्या चेहऱ्याजवळ नाक नेऊन बघायला लागले. मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाले, "नवसू गुरुजी!" गुरुजींनी दोन्ही तळवे दाखवले. तेव्हा त्या चष्मेवाल्या बाईंनी, कपाळावरची आठी जराही न हलवता, खोडरबर पुढे धरला. तिन्ही वेळा अंडं त्यांच्याकडेच होतं. एकदा हातात आलं ते त्यांनी पुढे सोडलंच नव्हतं.

"हे नियमात बसतं का?" प्रकाशक ओरडले.

"बसतं," मथुराबाई म्हणाल्या. "कोंबडी अंडं दाबून ठेवते कधी कधी."

आणि त्या बाई हसल्या. हसल्या म्हणजे इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसायला लागल्या. गठ्ठे बांधणारा म्हणाला की इतक्या वर्षांत बाईंना हसताना त्याने बघितलं नव्हतं. प्रकाशक अजून जमिनीवरच बसलेले होते. म्हणाले, "पुन्हा. आता मी ओळखतो."

चार डाव झाले. मग चहा झाला, चहाबरोबर काकड्या झाल्या आणि प्रकाशकांनी विचारलं, "चित्रं कोण काढणार?" तेव्हा मला कळलं की पुस्तक घेतलं गेलं. गुरुजींना कळायला जरा उशीर लागला. ते मला हळूच म्हणाले, "ताई, मंजूर झालं का?" मी मान हलवली. त्यांनी मथुराबाईंकडे बघितलं, आणि मथुराबाईंनी पदराने तोंड पुसलं, उगीचच.

पुस्तक निघायला पुढे बराच काळ गेला. मी कॉम्प्युटर घेतला आणि मजकूर त्यावर चढवला. फायद्यांचा मथळा प्रकाशकांनी हट्टाने ठेवला, पण फायदे गुरुजींचेच ठेवले. 'दिवस बरा जातो' वाचून पोरं हसतात, असं एका मास्तरांनी मला सांगितलं. मानधनाऐवजी प्रती मिळाल्या, तर गुरुजींनी त्या पाड्यापाड्यांवर वाटल्या. सुंदरला पहिली. तिच्या खेळाखाली लिहिलेलं होतं, 'या खेळात सुंदरला हरवणं अवघड आहे.' ती आश्रमशाळेत ते पान उघडं ठेवून फिरली म्हणे.

दोन-तीन वर्षांनी गुरुजी निवृत्त झाले. मी जव्हार सोडून मुलाकडे कल्याणला जायचं ठरवलं. निघण्याच्या आधी नाशिकहून प्रकाशकांचा फोन आला. पुस्तकाची नवी आवृत्ती काढायचीय, शिवाय दुसरं पुस्तक करतील का ते गुरुजींना विचारा, त्यांनी फक्त एक छोटा प्रस्ताव पाठवायचा. हे सांगायला मी दाभोशाला गेले. भातं कापून झालेली होती, खळ्यावर पेंढ्याच्या उंच गंज्या लागल्या होत्या. घरात कुणी नव्हतं. मागे आंब्याखाली गुरुजी झाडाकडे तोंड करून उभे होते, कपाळ खोडाला टेकवलेलं, दोन्ही हात डोळ्यांवर.

"गुरुजी, नाशिकहून फोन होता!" मी लांबूनच ओरडले.

"थांबा ताई, माझ्यावर राज्य आलंय," त्यांनी न वळता सांगितलं आणि मोठ्याने आकडे मोजायला लागले.

मी तिथेच उभी राहिले. तेवढ्यात पेंढ्याच्या गंजीआडून एक लहानशी मुलगी बाहेर आली, तिने माझा हात धरला आणि रागावून कुजबुजली, "उभ्या काय? लपा ना!"

मी चपला हातात घेतल्या आणि तिच्या मागे पळाले. गंजीआड मथुराबाई आधीच बसलेल्या होत्या. त्यांनी सरकून मला जागा दिली आणि तोंडावर बोट ठेवलं. पेंढ्याच्या फटीतून मला आंब्याखालची ती पांढऱ्या सदऱ्याची पाठ दिसत होती. आकडे संपत आले होते.